जमीन 'संपादित' झाली की गेली?

शिवनेरी जुन्नरात, त्यामुळे महाराजांच्या तलवारीवर आमच्याकडे कुणीही तासभर बोलेल. कोशावर कुणी बोलत नाही. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, पेशव्याचा मुख्य प्रधान. (पेशवा मात्र पुरून उरला, ते सोडा.)

पुढे १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, कारभार मराठीत आला. चांगलंच झालं. पण कुणाची मराठी?

शेजारच्या तालुक्यात डिंभे धरणात जुनं आंबेगाव बुडालं. अशा जमिनीला कागदोपत्री 'संपादित क्षेत्र' म्हणतात. तिथल्या एका आजींना मी विचारलं, "तुमचं क्षेत्र संपादित झालं का?" त्या नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जमीन गेली म्हण की बाबा."

संपादन म्हणजे मिळवणं. मिळवली सरकारनं, आजींची गेली. दोन्ही शब्द खरे, पण नोटिशीत एकच येतो. आणि गंमत बघा, आजींच्या तोंडातला 'जमीन' हा शब्द मूळचा फारसी.

नोटीस काढणाऱ्यांनो, एक ओळ साधी लिहा: 'तुमची जमीन सरकार घेत आहे. हरकत असेल तर अमुक तारखेच्या आत सांगा.'