पणाला काय लावायचं

कोजागरीच्या रात्री लक्ष्मी घरोघर फिरते आणि ‘कोण जागं आहे?’ असं विचारते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या रात्री झोप येऊ नये म्हणून फाशांचा खेळ खेळावा, असं त्या व्रतातच सांगितलेलं आहे, हे मला आजीनं सांगितलं. आमचं गाव कारंज्याच्या बाजूचं. आज तो भाग वाशीम जिल्ह्यात येतो. १९९८ साली जिल्हा वेगळा होण्याआधी आम्ही अकोलेकर होतो. अंगणात दूध आटायला ठेवलं, की आजी कोळसा घेऊन फरशीवर रेघा ओढायला बसायची. पहिली रेघ ओढायच्या आधी एक वाक्य ठरलेलं असे : “पैशाचा डाव या उंबऱ्याच्या आत नाही. बाकी काय लावाचं ते बोला.”

मग बोली सुरू व्हायची. हरेल त्यानं सकाळी विहिरीवरून पाणी आणायचं. हरेल त्यानं सगळ्यांची भांडी विसळायची. आत्या माहेरी आली असेल, तर हरणाऱ्यानं तिला पाटोड्यांसाठी बेसन घोटून द्यायचं. त्यापलीकडे कधी काही पणाला लागलं नाही.

आमचा मुख्य खेळ अष्टाचंगा. पाच गुणिले पाच अशी पंचवीस घरं. चार बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधोमध फुली. फुलीवर बसलेल्या सोंगटीला कोणी मारू शकत नाही. कवड्या नसल्या तर चिचोके दगडावर घासून दोन फाका करायच्या. एक बाजू पांढरी, एक काळी. चारही पांढऱ्या पडल्या तर चंग, म्हणजे चार. चारही काळ्या पडल्या तर अष्ट, म्हणजे आठ. आणि या दोन्हींवर आणखी एक हात मिळतो. सोंगट्या घरातच सापडायच्या : एकाची सरकी, एकाचे तुरीचे दाणे, एकाचे फुटक्या बांगडीचे तुकडे, एकाचे बारीक खडे. बाहेरच्या सोळा घरांची फेरी पुरी करून आतल्या आठ घरांत शिरायचं, उलट्या दिशेनं फिरायचं आणि मधल्या फुलीवर पोचायचं. पण दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय, म्हणजे ‘तोड’ झाल्याशिवाय, आत शिरायची परवानगी नाही. त्यामुळे कितीही भिडस्त माणसाला कोणाची तरी सोंगटी घरी पाठवावीच लागायची. माझा धाकटा चुलतभाऊ मार खाल्ला की रडायचा. आजी त्याच्या हातात चिचोके देऊन म्हणायची, “हारला त हारला. त्याच्यात रडाचं काय काम हाये? टाक पुन्हा.”

पैशाचा डाव का नाही, असं आम्ही विचारत असू. आजीनं त्याचं उत्तर कधी सरळ दिलं नाही. ते मिळालं गोष्टींतून.

पहिली खंडोबाची. ती तिनं जागरणाला येणाऱ्या वाघ्यांकडून ऐकली होती. खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळायला बसले. पण ठरला : हरेल त्यानं बारा वर्षं घर सोडायचं. देव हरला. मल्हारी मार्तंड चंदनपुरीला गेला आणि बाणाईच्या घरी मेंढ्या राखू लागला. पुढे बाणाईशी लग्न झालं आणि म्हाळसेच्या घरात सवत आली. वाघ्या हे गमतीनं गातो, ऐकणारे हसतात. आजी मात्र म्हणायची, “देवाला बी सोडलं नाही पणानं.”

दुसरी गोष्ट आबाजींची, म्हणजे आजोबांची. त्यांचे एक स्नेही महानुभाव पंथाचे होते. त्यांच्याकडून ती आली होती. चक्रधरस्वामी पूर्वायुष्यात भडोचचे हरिपाळदेव होते. त्यांना द्यूताचा नाद लागला. एकदा ते मोठी रक्कम हरले आणि देणं फेडण्यासाठी पत्नीकडे, कमळाइसेकडे, दागिने मागितले. तिनं दिले नाहीत. त्या नकारानं त्यांच्या मनात संसाराबद्दल विरक्ती आली. पुढे रामटेकच्या यात्रेच्या निमित्तानं ते निघाले आणि ऋद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंपाशी पोचले. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीला लीळाचरित्रात हे सगळं नोंदवून ठेवलं. मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथात हरलेल्या जुगाऱ्याचं घर आहे. ऋद्धपूर आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं, त्यामुळे आबाजी ही गोष्ट गावच्या माणसाबद्दल बोलावं तशी सांगत.

तिसरी गोष्ट मला मोठेपणी भेटली आणि ती थेट वाशीमपाशी येऊन पोचली. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतल्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याचं काम जोरात होतं. त्याचा मंत्री वराहदेव यानं सोळावं लेणं कोरवून घेतलं. दुसऱ्या लेण्याच्या भिंतीवर विधुरपंडित जातक रंगवलेलं आहे आणि त्यात द्यूताचा प्रसंग आहे. पुण्णक यक्ष राजाला खेळायला बसवतो, राजा हरतो आणि आपला शहाणा अमात्य विधुर गमावून बसतो. यक्षाला हवं असतं विधुराचं हृदय, कारण नागराणीनं ते मागितलेलं असतं. विधुर त्याला उपदेश करतो, आणि शेवटी नागांना कळतं की पंडिताचं हृदय म्हणजे त्याची प्रज्ञा. विधुर सुखरूप परत येतो. म्हणजे आजच्या वाशीममधून जेव्हा राज्य चालत होतं, त्या सुमारास अजिंठ्याचे चित्रकारही आजीचाच प्रश्न रंगवत होते : जे आपलं एकट्याचं नाही, ते पणाला लावायचा हक्क कोणाला?

तरीही आमच्या आजीपणजींनी पट फेकून दिला नाही. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत, आणि दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे. खेळ देवाघरचा, त्याला घरात जागा द्यायची आणि जुगाराला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हे शहाणपण त्यांनी स्वतः घडवलं.

पणजीचा सारीपाट मी पाहिला तो जुन्या पेटीत. कापडाच्या चार पट्ट्या फुलीसारख्या शिवलेल्या. प्रत्येक पट्टीत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चोवीस घरं, एकूण शहाण्णव. चार रंगांच्या सोळा लाकडी सोंगट्या. पणजी गेल्यावर तो पट फारसा उघडला गेला नाही, पण तिचे डाव आजीला तोंडपाठ होते. महालक्ष्म्यांचं जेवण आटोपलं, पुरुष ढेलजेत कलंडले, की बायका माजघरात पट मांडायच्या. समोरासमोरच्या दोघी जोडीदार. पणजी मुद्दाम सुनेला आपल्या विरुद्ध जोडीत बसवायची. ज्या घरात सासूसमोर पदर खाली येऊ द्यायचा नाही आणि चढ्या आवाजात बोलायचं नाही, तिथं पटावर सून सासूची पिकायला आलेली सोंगटी मारायची आणि सासू ती मुकाट्यानं उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवायची. “लग्नानंतर पहिल्यांदा मी मोठ्यानं हासली ते त्या पटावर,” असं आजी सांगायची. कधी जोड्या बदलायच्या आणि सासू-सून एकीकडे यायच्या. मग आपल्या सोंगट्या पोचल्यावर जोडीदारणीसाठी फासे टाकायचे. दोघींना एकमेकींचा डाव ओळखावा लागायचा, आणि बाकीच्या वर्षात जे बोलणं होत नव्हतं ते तिथं खुणांनी व्हायचं.

पुरुषांचा खेळ देवळाच्या ओट्यावर चालायचा, वाघबकरी. यात फासे नाहीत, दैवाला जागा नाही. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून बकरी खातो. बकऱ्यांनी मिळून वाघाची हालचाल बंद करायची. आबाजी सांगत की गावातला सगळ्यात पक्का खेळाडू म्हणजे ढोरकी. दिवसभर ढोरांमागे असताना तो मातीत पट आखून एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचा. पोळ्याच्या दिवशी सालदार आणि मालक एकाच ओट्यावर समोरासमोर बसायचे आणि मालकाचा वाघ कोंडला गेला की अख्खा गाव ओरडायचा. बकऱ्या जिंकतात त्या एकीनं, एकटी सापडलेली बकरी जाते, हे शिकवायला तिथं कोणाला भाषण करावं लागलं नाही.

खेळातून शिकवण्याच्या याच परंपरेत मोक्षपट आहे. लोकपरंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, शेवटचं घर मोक्षाचं. जैनांचा असाच पट बहुधा चौऱ्याऐंशी घरांचा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हा खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि सापशिडी होऊन परत आला. सारीपाटाच्या भावंडाचं, पचिशीचंही तेच झालं. १८९६ साली इंग्लंडमध्ये तिचं पेटंट ‘लुडो’ या नावानं घेतलं गेलं. आपल्याच माजघरातला खेळ खोक्यात बंद होऊन दुकानात आला आणि आपण तो परका समजून विकत घेतला.

आज लुडो फोनमध्ये आहे. नवी मुंबईच्या कंपनीनं २०१६ साली काढलेल्या लुडो किंगवर टाळेबंदीत लांबलांबची भावंडं एकत्र खेळली, ही मला आनंदाची गोष्ट वाटते. पण त्याच फोनवर पैसे लावायचे खेळही आले. गावातली पोरं रात्री एकेकटी, पांघरुणात, कोणाला न दिसता हरू लागली. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा मला आजीचं कोळशाच्या रेघेआधीचं वाक्य आठवलं. कायदा हवाच होता. पण कायदा येण्याच्या कितीतरी आधी घर हे काम करत होतं, कारण घरात हरणं सगळ्यांसमोर व्हायचं. हसून हरायचं आणि पुन्हा चिचोके हातात घ्यायचे. हरण्याची ही सवय ज्याला लहानपणी लागली, त्याला गेलेलं भरून काढायला घरचे दागिने मागावेसे वाटत नाहीत, अशी माझी श्रद्धा आहे.

म्हणून नवे खेळही मला आपले वाटतात. पुण्याहून दिवाळीला येणारा भाचा कॅटान घेऊन येतो. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसानं १९९५ साली काढलेल्या त्या खेळात मेंढ्या देऊन गहू घ्यावा लागतो, विटा देऊन लाकूड. माझी थोरली बहीण, जिला इंग्रजी येत नाही, ती सौद्यात सगळ्यांना मागं टाकते. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ साली बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या मुलींनी आजोबांकडून घोड्याची चाल शिकून घेतली. खोकं जर्मनीचं असो की रेघा कोळशाच्या, सहा ते साठ वयाची माणसं एका चौकोनाभोवती बसली, की वय, नातं, पगार हे सगळं डाव संपेपर्यंत बाजूला राहतं.

माझं सांगणं एवढंच आहे की नवे खेळ आणा, पण जुन्यांचे नियम हातचे जाऊ देऊ नका. अष्टाचंग्याचे नियम घरागणिक वेगळे असतात : कोणाकडे तोड लागते, कोणाकडे लागत नाही; कोणाकडे एकाच घरातली जोडसोंगटी मरते, कोणाकडे मरत नाही. हे बहुतेक तोंडीच आहे, आणि ते सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. येत्या कोजागरीला किंवा पाडव्याला घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला विचारा की तुमच्याकडे कसं खेळत होते आणि पणाला काय लावत होते. उत्तर वहीत उतरवा, तारीख घाला, आणि त्याच नियमांनी त्यांच्याबरोबर एक डाव खेळा. हरलात तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी पाणी भरा.