कलम ७ ची कुळकथा

रिझर्व्ह बँकेचा कायदा १९३४ चा, पण त्यातले आजचे कलम ७ लागू झाले १९४९ मध्ये. सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटेल तेव्हा, गव्हर्नरांशी सल्लामसलत करून, केंद्र सरकार बँकेला आदेश देऊ शकते, असे ते सांगते. बँकेच्या स्वायत्ततेवरच्या वादात हे कलम हमखास पुढे येते.

१ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली ती पाच कोटी रुपये भांडवलाची, खासगी भागधारकांची. तरीही व्याजदर आणि विनिमय दर यांवरून सरकारशी खटके उडाले आणि पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ १९३७ मध्ये पायउतार झाले. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. कलम ७ चा मजकूर ब्रिटनच्या १९४६ च्या बँक ऑफ इंग्लंड कायद्यातील कलम ४ शी जवळजवळ शब्दशः जुळतो. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. पुढच्याच वर्षी ते अर्थमंत्री झाले. आदेश घेणारी आणि देणारी, अशा दोन्ही खुर्च्या त्यांनी सांभाळल्या.

मोठा संघर्ष १९५६-५७ चा. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी हुंड्यांवरचे मुद्रांक शुल्क वाढवले, त्यामुळे बँक दर वाढवल्यासारखाच परिणाम झाला. गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी हरकत घेतली. पंतप्रधान नेहरूंनी अर्थमंत्र्यांची बाजू घेतली आणि जानेवारी १९५७ मध्ये रामा राव यांनी राजीनामा दिला. यासाठी कलम ७ वापरावे लागले नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्येही ते लागले नाही. नोटाबंदीची सूचना सरकारने ७ तारखेला केली, ८ तारखेला बँकेच्या संचालक मंडळाने तशी शिफारस केली आणि त्याच रात्री घोषणा झाली. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. उदाहरण नंदुरबारचे. हा जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला, पण दोन्ही जिल्ह्यांची मध्यवर्ती सहकारी बँक एकच राहिली. विकास सोसायटीतून पीककर्ज घेणाऱ्या शहादा-तळोद्याच्या शेतकऱ्याचे खाते याच बँकेत. मनाई झाली तेव्हा नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीच्या हंगामाचे दिवस होते. मनाईपूर्वी जमा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे भरण्याची मुभा या बँकांना मिळाली ती थेट जून २०१७ मध्ये. दिल्ली-मुंबईतील निर्णयाची झळ कुठवर पोहोचते, ते इथे दिसते.

कलम ७ घरोघरी पोहोचले ते २०१८ मध्ये. बुडीत कर्जांचे नियम, दुबळ्या बँकांवरचे निर्बंध आणि रिझर्व्ह बँकेची गंगाजळी यांवरून तिचे सरकारशी मतभेद वाढले. २६ ऑक्टोबरला डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी मुंबईतील व्याख्यानात स्वायत्तता कमकुवत करण्याचे धोके मांडले. सरकारने या कलमाखाली सल्लामसलत सुरू केल्याच्या बातम्या आल्या. ते तोवर एकदाही वापरले गेले नव्हते, असेही छापून आले. ३१ ऑक्टोबरला अर्थ मंत्रालयाने कायद्याच्या चौकटीतील स्वायत्तता आवश्यक असल्याचे निवेदन काढले. १० डिसेंबरला गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला.

ब्रिटनने १९९८ मध्ये मूळ कलमातून पतधोरण वगळले. भारतात २०१६ पासून सहा सदस्यांची पतधोरण समिती व्याजदर ठरवते. महागाई चार टक्क्यांवर, फार तर दोन टक्के वर-खाली, राखण्याचे उद्दिष्ट तिच्यापुढे असते. तिच्या बैठकीचे इतिवृत्त चौदाव्या दिवशी जाहीर होते. कलम ७ चा मजकूर मात्र तसाच राहिला. त्याखालचा आदेश जाहीर करण्याचे किंवा संसदेपुढे ठेवण्याचे बंधन त्यात नाही. निवडून आलेल्या सरकारला अखेरचा अधिकार असणे लोकशाहीला धरून आहे, पण तो अधिकार उघडपणे वापरला जावा. तसे बंधन कलमात येईपर्यंत ही राखण संसद आणि वृत्तपत्रे यांनाच करावी लागेल.