तळटीप १४ : ‘खंडाळ्याला स्लो वाढवून घेतला’

१४. स्लो : रेसवरून पाय काढल्यावर इंजिन ज्या मंद गतीने चालू राहते ती गती, म्हणजेच आयडलिंग. प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्बोरेटरच्या गाड्यांत ती एका स्क्रूने ठरे. दुसरा स्क्रू त्या वेळचे पेट्रोल-हवेचे प्रमाण राखी. बोरघाट चढून सुमारे ६२० मीटर उंचीवरच्या लोणावळ्यात येईतो हवा विरळ होते, त्या मानाने पेट्रोल जास्त जाते आणि स्लो किंचित बसतो. पुढच्या ओळीतले ‘ओले फडके’ मात्र निराळ्या दोषावरचे. चढणीवर तापलेल्या पेट्रोल पंपात वाफ धरून पुरवठाच तुटे, तेव्हा पंपावर ओले फडके टाकून तो थंड करीत. लेखकाने दोन्ही दोष एक मानले आहेत, ते बरोबर नाही. २००० सालाच्या सुमारास मारुती ८०० मध्ये कार्बोरेटरऐवजी एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आली. त्यात सेन्सरने कळवलेल्या हवेनुसार ईसीयू (इंजिनचा संगणक) इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. मिटलेल्या थ्रॉटलला वळसा घालून जाणारी हवा एक छोटा व्हॉल्व्ह कमी-जास्त करतो. अशा गाडीचा स्लो डळमळला, तर स्क्रूला हात लावण्याआधी थ्रॉटल आणि तो व्हॉल्व्ह यांवरची काजळी साफ करावी.