अहर्गणाचें ओझें

पंचांग मांडणाऱ्या जुन्या गणकापुढें पहिला प्रश्न एकच असे : आरंभापासून आजवर दिवस किती लोटले? दिवसांच्या या राशीस ‘अहर्गण’ असें नांव आहे. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ. स. ११५०) कल्पाचीं ४,३२,००,००,००० वर्षें आणि त्यांचे १५,७७,९१,६४,५०,००० दिवस धरले आहेत. आंकडा छाती दडपणारा खरा; पण दोन्ही संख्यांस १३,५०,००० नें निःशेष भाग जातो आणि ३,२०० वर्षांचे ११,६८,८२७ दिवस एवढेंच उरतें. यापुढें अपवर्तन होत नाहीं. संख्या ‘दृढ’ झाल्या.

तरीही इष्ट दिवसापर्यंतचा अहर्गण लाखांनी व कोटींनी मोजावा लागे. त्यांत एक अंक चुकला कीं तिथि चुके, आणि तिथीबरोबर व्रत आणि मुहूर्तही. हें ओझें उतरविलें तें आजच्या रायगड जिल्ह्यांतील, मुरुडनजीकच्या नांदगांवीं राहणाऱ्या गणेश दैवज्ञांनीं. ‘ग्रहकौतुक’कार केशव दैवज्ञांचे हे पुत्र. त्यांच्या ‘ग्रहलाघवा’चा आरंभशक १४४२ आहे, म्हणजे इ. स. १५२०.

त्या वर्षीं १९ मार्च, सोमवार, या दिवशीं कलियुगाचे १६,८७,८५० दिवस झाले होते. गणेशांनीं ते बाजूस ठेवून तेथून नवी मोजणी धरली व तिचे अकरा-अकरा वर्षांचे तुकडे पाडले. अकरा वर्षांत सुमारें १३६ चांद्रमास, म्हणजे ४,०१६ दिवस. हें एक ‘चक्र’. प्रत्येक ग्रहाचें आरंभींचें स्थान तो ‘क्षेपक’ आणि चक्रामागें पडणारा फरक तो ‘ध्रुव’. दोन्ही आयते दिलेले. ज्याचापाची किचकट रीतिही त्यांनीं टाळली. सामान्य जोशाला पाटीवर मावेल एवढेंच गणित उरलें.

कसोटीही सोपी. ४,०१६ ला सातांनीं भागिलें असतां पांच उरतात. म्हणून चक्रांची पांचपट उरलेल्या दिवसांत मिळवून सातांनीं भागावें व बाकी सोमवारापासून मोजावी. वार जुळला नाहीं, तर दिवसांत एक कमी-अधिक करावा. शके १९४७ चा पाडवा ३० मार्च २०२५ ला आला. तोंवर ४५ चक्रें व ३,७२९ दिवस झाले होते. २२५ आणि ३,७२९ मिळून ३,९५४. सातांनीं भागून बाकी सहा, म्हणजे रविवार. त्या दिवशीं रविवारच होता.

ग्रहांच्या बाबतींत मात्र काळानें सूट दिली नाहीं. गतीच्या अंकांतील लहानसा फरक प्रत्येक चक्रागणिक सांचत गेला, आणि गणितानें आलेला ग्रह आकाशांतल्या ग्रहापासून ढळूं लागला. याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नागांवीं, १८२५ सालीं जन्मलेल्या केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० मध्यें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध करून नव्या वेधांची जोड दिली. वेधांतून आलेले अंक असे जुने होतात; पूर्णांकांचा भागाकार होत नाहीं. नांदगांवची ती पांचाची बाकी पांच शतकांनंतरही वार बिनचूक सांगते.