मनगटाची गोष्ट

बऱ्याच महिन्यांनी इथे लिहायला बसलोय. निमित्त मावशीच्या फोनचं.

गेल्या रविवारी तिने विचारलं, "अरे, पोरीच्या हाताचं कसं आहे आता? पण मला एक सांग, लहान मुलांना कुठे संधिवात होतो का रे?" गेल्या सात वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी म्हटलं, एकदाच सविस्तर लिहून टाकावं. पुढच्या फोनला नुसतं "वाच" म्हणून सांगता येईल! लेकीची परवानगी घेतली आहे. तिच्या दोनच अटी: नाव लिहायचं नाही आणि "बिच्चारी" हा शब्द वापरायचा नाही.

तर मावशी, होतो. आणि ही काही हल्लीची 'फास्ट फूड'ची देणगीही नाही.

लेक दुसरीत असताना तिचं अक्षर बिघडलं. वहीत लाल शेरे यायला लागले. सकाळी शाळेच्या शर्टाची बटणं ती आजीकडून लावून घ्यायची आणि दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरायची. दुपारपर्यंत मात्र सगळं सुरळीत, खेळायला पहिली. मी काय निष्कर्ष काढला असेन? आळशीपणा. एका रात्री मी तिला तीच पाच वाक्यं तीन वेळा लिहायला लावली. ती रडली, पण "दुखतंय" म्हणाली नाही. ती रात्र मला अजून आठवते.

पहिल्या डॉक्टरांनी "वाढीच्या वयातलं दुखणं" म्हणून परत पाठवलं. मग रक्ततपासणी झाली आणि त्यात संधिवाताचा घटक 'निगेटिव्ह' आला, म्हणून आम्हीही निर्धास्त. सहा महिने असेच गेले. शेवटी ज्या बालसंधिवाततज्ज्ञ बाईंकडे पोचलो, त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आधी तिची दोन्ही मनगटं हातात घेतली. मग म्हणाल्या, "लहान मुलं दुखतंय असं सांगत नाहीत. ती सांधा वापरणं सोडून देतात. आणि बहुतेक मुलांमध्ये ही तपासणी निगेटिव्हच येते." सकाळचा आखडलेपणा हीच या आजाराची खूण होती, आणि मी तिलाच आळस समजत होतो.

त्या दिवसापासून मी या आजाराचा इतिहास वाचायला लागलो. इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार? औषधं डॉक्टरांच्या हातात, प्रार्थना आईच्या हातात. माझ्या वाट्याला वाचन.

आपल्याकडे 'आमवात' हे नाव जुनं आहे. माधवनिदानात त्याचं वर्णन सापडतं, म्हणजे हजार वर्षांहून अधिक. पण मुलांमधल्या सांधेदुखीकडे वेगळा आजार म्हणून नीट बघितलं गेलं ते लंडनमध्ये, १८९७ साली. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर १८५२ पासून मुलांचं एक हॉस्पिटल आहे. तिथे जॉर्ज फ्रेडरिक स्टिल नावाचा एकोणतीस वर्षांचा डॉक्टर होता. त्याने २२ मुलांच्या नोंदी मांडल्या. त्यांतल्या बारा जणांत सांध्यांच्या सुजेबरोबर गाठी आणि पांथरीही वाढलेली होती. बहुतेकांना आजार दुधाचे दात पडण्याआधीच सुरू झाला होता. आणि सुरुवातीला धरले जाणारे सांधे म्हणून त्याने गुडघे, मानेचे मणके आणि मनगट यांची नावं लिहिली.

मनगट! ते वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी मुलाने पेला दोन्ही हातांनी धरला असेल, आणि कुणीतरी त्याकडे नीट पाहिलं.

स्टिलचं म्हणणं थोडक्यात असं, की मुलांचा संधिवात म्हणजे मोठ्यांच्या संधिवाताची छोटी प्रत नव्हे, आणि तो एकच आजारही नाही, एका नावाखाली निरनिराळे आजार आहेत. हे पटायला जगाला बराच वेळ लागला. नावांचा घोळ तर शंभर वर्षं चालला. अमेरिकेत एक नाव, युरोपात दुसरं. शेवटी १९९० च्या दशकात जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून 'जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस' हे नाव नक्की केलं आणि त्याचे सात प्रकार ठरवले. इडिओपॅथिक म्हणजे कारण माहीत नाही! सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेली आणि सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली सांध्याची सूज, जिचं दुसरं कारण सापडत नाही, ती यात मोडते. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, हे कळतं. ती का उलटते, ते अजून नीट कळलेलं नाही. त्यामुळे मावशी, दही खाल्ल्याने झालं का, गार पाण्यात खेळल्याने झालं का, या प्रश्नांचं उत्तर "नाही" असंच आहे.

आता माझ्या दुसऱ्या चुकीबद्दल. ही प्रेमापोटी झाली, म्हणून जास्त लागते.

निदान झाल्यावर घरात सगळ्यांनी ठरवलं की पोरीच्या हाताला आराम द्यायचा. आईने तिला ताट उचलू दिलं नाही. मी दप्तर उचललं, लेखन बंद करवलं, मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळलं. ती तासन्‌तास हात मांडीवर ठेवून टीव्ही बघायची. सुजलेल्या मनगटाला ज्या अवस्थेत कमीत कमी दुखतं, ती अवस्था म्हणजे किंचित खाली वाकलेली. आणि नेमकी तीच घातक. दोन-अडीच महिन्यांत तिचं उजवं मनगट वर उचललं जाईना.

फिजिओथेरपिस्ट मला म्हणाल्या, "तुमचं मनगट पूर्ण खाली वाकवा आणि आता घट्ट मूठ करून दाखवा." तुम्हीही करून बघा. जमत नाही. मुठीत जोर यायला मनगट थोडं मागे झुकलेलं लागतं. मनगट गेलं की पकड जाते. मग पेन, डबा, नळ, दाराची कडी, सगळंच जातं.

मुलांच्या बाबतीत आणखी एक भानगड असते, ती म्हणजे वाढ. मोठ्या माणसाचं हाड वाढून झालेलं असतं, मुलाचं वाढत असतं. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी करंगळीच्या बाजूचं हाड सततच्या सुजेने आखूड राहू शकतं, आणि मग पंजा त्या बाजूला कलतो. मोठ्यांच्या संधिवातात मनगट बहुधा उलट बाजूला, अंगठ्याकडे कलतं. स्टिल म्हणत होता तेच, हा आजार मोठ्यांची छोटी प्रत नव्हे.

पुढे वाचताना लक्षात आलं, की आमच्या घरात जे अडीच महिने झालं, तेच जगात कित्येक वर्षं झालं होतं. सूज आली की मुलाला अंथरुणात ठेवायचं, सांधा प्लास्टरमध्ये बांधायचा, हलवायचं नाही. हेतू चांगलाच. पण सूज ओसरेपर्यंत मूल आखडून जायचं.

हे चित्र बदलण्यात इंग्लंडमधल्या टॅपलो गावच्या एका हॉस्पिटलचा मोठा वाटा आहे. दुसऱ्या महायुद्धात कॅनेडियन रेड क्रॉसने ते सैनिकांसाठी उभारलं. युद्धानंतर तिथे मुलांच्या संधिवातज्वरासाठी खास विभाग सुरू झाला. पुढे पेनिसिलिनमुळे तो ताप कमी होत गेला आणि खाटांवर स्टिलने वर्णन केलेली मुलं येऊ लागली. एरिक बायवॉटर्स आणि बार्बरा ॲन्सेल या दोन डॉक्टरांनी तिथे अशा मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ॲन्सेलबाईंचा आग्रह साधा होता. मुलाला झोपवून ठेवू नका. रात्री मनगटाला योग्य अवस्थेत आधार द्या, दिवसा ते हलवा, कोमट पाण्यात व्यायाम करून घ्या आणि मुलाला नेहमीच्या शाळेत पाठवा. ते हॉस्पिटल १९८५ मध्ये बंद झालं, ॲन्सेलबाई २००१ मध्ये गेल्या. पण आमच्या फिजिओथेरपिस्ट आज जे सांगतात, ते बरंचसं तेच आहे.

औषधांचा इतिहासही गमतीचा आहे. स्टिलचा निबंध छापून आला त्याच १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीत ॲस्पिरिन तयार झालं. पुढे कित्येक दशकं या मुलांना तेच देत असत, मोठमोठ्या मात्रेत. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोनचं इंजेक्शन एका संधिवाताच्या रुग्ण बाईंना दिलं आणि काही दिवसांत त्या चालू लागल्या. १९५० मध्ये नोबेलही मिळालं. वाटलं, संपला संधिवात. पण भरपूर स्टेरॉइड घेतलेल्या मुलांचे चेहरे सुजले, हाडं ठिसूळ झाली, उंची खुंटली. आजही स्टेरॉइड वापरतात, पण जपून. बऱ्याचदा थेट सुजलेल्या सांध्यातच इंजेक्शन देतात. लेकीच्या उजव्या मनगटात एकदा दिलं होतं, त्याने बराच फरक पडला.

मग आलं मेथोट्रेक्सेट. मावशी, तू विचारलं होतंस ना, "कॅन्सरचं औषध पोरीला का?" तर ऐक. या औषधाच्या मुळाशी एक तेलुगू माणूस आहे, यल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमवरमचे. अमेरिकेत लेडरली कंपनीत त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं आणि नंतर त्याला अडवणारी औषधंही बनवली. ती बोस्टनमध्ये रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना दिली गेली. सुब्बाराव १९४८ मध्येच गेले. पुढे कळलं की त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट अगदी थोड्या मात्रेत, आठवड्यातून एकदाच दिलं तर सांध्यांची सूज आटोक्यात येते. १९९२ मध्ये मुलांवरच्या मोठ्या चाचणीतून ते सिद्ध झालं. आमच्याकडे रविवारी मेथोट्रेक्सेट असतं आणि ठरल्या दिवशी फॉलिक ॲसिड. म्हणजे सुब्बारावांची दोन्ही कामं एकाच डबीत! लेक त्यांना 'सुब्बाकाका' म्हणते. रविवारी मळमळ झाली की "सुब्बाकाका रागावले."

त्याहून पुढची, जैविक औषधं १९९९ पासून मुलांसाठी आली. महाग आहेत, आणि आपल्याकडे ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करावी लागते. आम्हाला अजून गरज पडलेली नाही. पडली तर आहेत, एवढ्यानेही झोप लागते.

असो. रोजचं काय, तेही सांगतो, कारण कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं कोमट पाण्यात हात. मग मनगट वर-खाली, गोल, हळूहळू. संध्याकाळी आजीच्या कणकेतला एक गोळा तिचा, दाबायला आणि लांबवायला. रात्री प्लास्टिकचं स्प्लिंट, जे मनगट किंचित मागे झुकलेलं ठेवतं. (पहिला महिना रोज भांडण, नंतर त्यावर स्टिकर चिकटवले आणि भांडण मिटलं.) जाड पेन, झाकणं सैल लावलेले डबे, दप्तर दोन्ही खांद्यांवर. सूज असेल तेव्हा हातांवर भार पडणारे व्यायाम बंद, पण खेळ बंद नाही. आणि ठरावीक काळाने डोळ्यांची तपासणी, कारण या आजारात डोळ्यांना आतून सूज येते आणि मुलाला ती कळतही नाही. हे कुणी विसरू नका.

आता ती नववीत आहे. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे तीन-तीन तासांचे पेपर. गेल्या महिन्यात मी लेखनिकाचा विषय काढला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. हाताच्या अशाच त्रासाने लिहू न शकणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या रेषेत बसत नव्हतं. न्यायालय म्हणालं, लेखनिक मिळण्यासाठी ती रेषा लागत नाही. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा विद्यार्थ्यांसाठी सूचना काढल्या, तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळही त्यात आला. मी सगळे कागद छापून फाइल करून तिच्यासमोर ठेवली.

तिने फाइल चाळली. मग म्हणाली, "बाबा, जादा वेळ मागू. पण लिहीन मीच. हात खूप दुखला तर तेव्हा सांगेन."

सात वर्षांपूर्वी जी पोरगी "दुखतंय" म्हणू शकली नव्हती, ती आता म्हणते की सांगेन. मला वाटलं, आपण इतकं वाचलं त्याचा अर्थ एवढाच होता का, की ती सांगेल तेव्हा आपण ऐकावं?

अर्ज कधी करायचा, दाखला कुणाचा लागतो, हे बोर्डाकडे विचारायला पुढच्या आठवड्यात जाणार आहे. ती सोबत येणार आहे. फाइल तिच्या हातात असेल.

मावशी, वाचलंस ना? आता फोन केलास तर तिच्याशीच बोल.