पडद्यावरचं गाणं, मांडवातलं गाणं

जुनं गाणं कानावर आलं की आपल्याला सिनेमा आठवतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत मात्र अनेकांना आठवते मंडईची रात्र. दिवाळी झाली, धान निघालं, की मंडई आणि शंकरपट भरतात, आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक रंगतं ते थेट पहाटेपर्यंत.

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. त्यानंतर पुण्या-मुंबईकडच्या अनेक संगीत नाटक मंडळ्या बुडाल्या. झाडीपट्टीत नाटक टिकलं. वडसा म्हणजे देसाईगंज इथल्या मंडळ्यांनी पुढे सिनेमाच्या चालीही मांडवात आणल्या, पण ऑर्गन-तबल्यावर गाणारा नट प्रेक्षकांसमोरच राहिला.

२०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला आणि या रंगभूमीचं नाव दूरवर गेलं. तरी एक काळजी उरतेच. सिनेमाचं गाणं आपण मोबाइलवर हवं तेव्हा ऐकतो. मांडवात 'वन्स मोर' घेतलेलं गाणं कुणी रेकॉर्ड केलं नसेल, तर ते त्या रात्री जागलेल्या माणसांपाशीच उरतं. ती माणसं आता थकली आहेत. आपण आधी त्यांच्याकडे जाऊन बसू या.