चाळिशीनंतरचे मन आणि दोन औषधांचा इतिहास

गेल्या वर्षी उत्सवात आमची ताई आरतीला दिसली नाही, तेव्हा मंडळातल्या पुष्कळांनी आपुलकीने चौकशी केली. "गुडघे दुखतात," असे आम्ही सांगितले. ते खरे नव्हते. ताईला चोवीस वर्षांपासून बायपोलर, म्हणजे द्विध्रुवी मनोविकार आहे. कधी उन्माद, कधी खोल नैराश्य, आणि लिथियमच्या गोळ्यांमुळे मधली बरीच वर्षे अगदी सुरळीत. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पाळी मागेपुढे होऊ लागली, रात्री अंगातून वाफा निघू लागल्या, झोप उडाली आणि पाठोपाठ जुना आजार उसळला. पहाटे तीनला ती फडताळातली भांडी काढून मांडत बसे. आता तिने एचआरटी, म्हणजे संप्रेरक उपचार घ्यावा का, हा प्रश्न घरापुढे आहे. हे सारे तिच्या संमतीने लिहीत आहोत. "गुडघ्यांना उगाच बदनाम करू नकोस," असे तिनेच सुनावले.

आम्ही डी. फार्म. करून सरकारी दवाखान्यात औषधे देण्याचे काम करतो. रोज हाताखालून जाणाऱ्या गोळ्यांचा इतिहास मात्र या निमित्ताने प्रथमच वाचला. तो वाचल्यावर ताईच्या प्रश्नाला सरळ उत्तर का मिळत नाही, ते कळले.

पाळी साधारण बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला थांबते, हे सुश्रुतसंहितेत नोंदलेले आहे. तिथे तो वयाचा क्रम आहे, रोग नव्हे. युरोपात 'मेनोपॉज' हा शब्द १८२१ मध्ये गार्दान या फ्रेंच वैद्याने रूढ केला. पुढे १८५४ मध्ये पॅरिसमध्येच फाल्रे आणि बायार्जे या दोन डॉक्टरांनी उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजाराचे वर्णन केले, आणि पहिला मान कोणाचा यावर दोघांत चांगलाच वाद रंगला. जर्मनीच्या एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये या आजाराला उन्माद-अवसादाचे एकच नाव दिले. उतारवयातल्या उदासीला मात्र त्यांनी वेगळा कप्पा ठेवला होता. पाळी जाण्याच्या वयातली बाई खचली की तिच्यावर याच कप्प्याची चिठ्ठी चिकटे. ती चिठ्ठी फार काळ टिकली. १९७९ मध्ये मर्ना वाइसमन या अमेरिकन संशोधिकेने असा निराळा आजार नाहीच, असे दाखवले आणि १९८०च्या अमेरिकन वर्गीकरणातून तो वगळला गेला. झाले ते योग्यच झाले. पण आम्हाला वाटते, त्याबरोबर एक खरा प्रश्नही मागे पडला : जिला आधीपासून मनाचा आजार आहे, तिच्यावर या वयातल्या बदलाचा काय परिणाम होतो?

औषधांचे रस्तेही असेच वेगवेगळे राहिले. सिंगापूरच्या चांगी छावणीत तीन वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी राहिलेले जॉन केड हे डॉक्टर ऑस्ट्रेलियात परतले. गिनीपिगना लिथियम टोचल्यावर ते शांत होतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम देऊन १९४९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दैवाची गंमत अशी, की मिठाऐवजी लिथियमचा क्षार बेसुमार खाऊन काहीजण दगावल्याने त्याच वर्षी अमेरिकेत त्या क्षाराची विक्री थांबली. तिथे औषध म्हणून मान्यता मिळायला १९७० उजाडले. फायद्याचा आणि विषारी डोस यांत अंतर थोडे, म्हणून आजही रक्त तपासतच लिथियम द्यावे लागते.

ईस्ट्रोजेन वर्गातले पहिले संप्रेरक १९२९ मध्ये अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे वेगळे केले. १९४२ मध्ये गाभण घोडींच्या मूत्रापासून केलेली प्रेमारिन ही गोळी अमेरिकेच्या बाजारात आली. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनी पुस्तक लिहून ती चिरतारुण्याची किल्लीच ठरवली. १९७५ मध्ये नुसत्या ईस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असे दिसले. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीला जोडीने प्रोजेस्टोजेन देतात. मग २००२ साली अमेरिकेतली १६,६०८ स्त्रियांवरची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. दोन्ही संप्रेरके घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनांच्या कर्करोगाचे ८ रुग्ण अधिक आढळले, तर नितंबाच्या हाडाचे अस्थिभंग ५ने कमी झाले. जगभर घबराट पसरली. पण त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. अठ्ठेचाळिशीच्या बाईला तेच आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे समजायला आणखी काही वर्षे गेली.

हे दोन रस्ते एकत्र यायला २०२४ उजाडावे लागले, असे म्हटले तरी चालेल. त्या वर्षी ब्रिटनमधल्या १,२८,२९४ स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी जाण्याच्या आसपासच्या काळात उन्माद पहिल्यांदाच उद्भवण्याचे प्रमाण आधीच्या काळापेक्षा दुपटीहून अधिक दिसले. अभ्यास पहिल्या झटक्याचा होता, ताईसारख्या जुन्या रुग्णांचा नव्हता. तरीही "या वयात होतेच असे" म्हणून गेल्या वर्षी आम्ही जे सोडून दिले, ते सोडून द्यायला नको होते.

पण ताईच्या खऱ्या प्रश्नाला या अभ्यासातही उत्तर नाही. बायपोलर असलेल्या स्त्रियांवर एचआरटीच्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. एका डॉक्टरांनी सांगितले, "मनाचे तिकडे विचारा." दुसऱ्यांनी सांगितले, "पाळीचे तिकडे विचारा." इतिहासात जी फाळणी वाचली, तीच दोन केसपेपरांत दिसली.

म्हणून आम्ही दोन्हींचा मिळून एकच कागद केला. डावीकडे झोपेचे तास, वाफा, पाळीच्या तारखा. उजवीकडे मनःस्थिती आणि औषधे. खाली प्रश्न. वाफांमुळे झोप मोडते आणि मोडलेली झोप उन्मादाला वाट करून देते. मग वाफा आवरल्या तर झोप सावरेल का? की ईस्ट्रोजेनने मनच वर उसळेल? त्वचेवर लावायच्या पट्टीने गोळीच्या मानाने रक्ताच्या गुठळीचा धोका कमी असतो. ती चालेल का? थकवा आणि वाढलेले वजन वयाचे, की लिथियमने मंदावलेल्या थायरॉईडचे? ताईच्या कागदावर नसलेली, पण इतर घरांना उपयोगी अशी एक गोष्ट : ईस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्यांनी लॅमोट्रिजिन या औषधाची रक्तातली पातळी निम्म्यापर्यंत उतरू शकते. तेव्हा ते घेणाऱ्या बाईने कोणतेही संप्रेरक सुरू किंवा बंद करताना मानसोपचारतज्ज्ञांना आधी सांगावे. लिथियम घेणाऱ्यांनी आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी लिथियमची पातळी चढते. आणि लिथियम मनाने बंद तर मुळीच करू नये. मन फार अस्वस्थ झाले तर सरकारची टेलि-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे.

अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात दोन्ही डॉक्टर फोनवर एकमेकांशी बोलायला तयार झाले आहेत. निर्णय 'हो' होईल की 'नाही', आम्हाला माहीत नाही. तो ताई घेईल, आम्ही कागद धरून शेजारी बसू.

यंदा ती आरतीला येणार आहे. तब्येत विचारलीत, तर खरे तेच सांगेल. गुडघे तिचे अगदी ठणठणीत आहेत.